धूरमुक्त जागांच्या कायद्याला नागरिकांनी पाठबळ कसे द्यावे

सिगारेट ओढणाऱ्याने श्वासावाटे सोडलेला धूर आणि दोन झुरक्यांच्या मधल्या काळात जळत्या टोकातून थेट हवेत मिसळणारा धूर, असे दोन्ही धूर शेजारी बसलेल्या माणसाच्या फुप्फुसात त्याच्या संमतीवाचून जातात. यालाच अप्रत्यक्ष धूम्रपान किंवा पॅसिव्ह स्मोकिंग म्हणतात. तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने असतात आणि त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगकारक आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार स्वतः धूम्रपान न करणारी दहा लाखांहून अधिक माणसे दरवर्षी या धुरामुळे प्राण गमावतात. हे मृत्यू टाळता येतात, आणि ते टाळण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे बंदिस्त सार्वजनिक जागा व कामाच्या जागा पूर्णपणे धूरमुक्त करणारा कायदा.

असा कायदा व्हावा असे वाटणारे लोक बहुतेक ठिकाणी पुष्कळ असतात. मात्र त्यांचा पाठिंबा अनेकदा एखाद्या पत्रकावर सही करण्यापुरता राहतो आणि मसुद्यात कोणते शब्द आले व कोणते गळाले याकडे लक्ष देणारे फार थोडे उरतात. माझ्या मते खरे काम तिथेच आहे. ‘धूम्रपानबंदी’ हे नाव धारण करणारा कायदा कोणाला वाचवतो आणि कोणाला वाऱ्यावर सोडतो, हे त्याच्या व्याख्या आणि अपवाद ठरवतात. म्हणून पुढील मार्गदर्शनात मसुद्याच्या वाचनाला सर्वाधिक जागा दिली आहे.

आधी पुरावा समजून घ्यावा

लोकप्रतिनिधीसमोर बोलताना शास्त्रीय पुराव्याचा क्रम ठाऊक असला तर बोलण्याला वजन येते. जपानमधील ताकेशी हिरायामा यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वतः कधीही धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची १४ वर्षांची माहिती तपासली होती. ज्यांचे पती अधिक सिगारेट ओढत त्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक आढळले. या निष्कर्षावर त्या काळी कडाडून टीका झाली, पण पुढच्या अभ्यासांनी तो पक्का केला. अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्यावर सरकारच्या वतीने बोलणारे प्रमुख डॉक्टर, सी. एव्हरेट कूप यांच्या १९८६ च्या अहवालाने अप्रत्यक्ष धूम्रपान हे निरोगी माणसांमध्येही रोगाचे कारण ठरते असे स्पष्ट सांगितले, आणि याच कार्यालयाच्या २००६ च्या अहवालाने या धुराची कोणतीही पातळी सुरक्षित नाही हे नोंदवले. घरात किंवा कामाच्या ठिकाणी हा धूर सोसणाऱ्या, स्वतः धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तीला हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्क्यांनी आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो, हेही त्याच अहवालातले आकडे आहेत. लहान मुलांमध्ये दम्याचे झटके, कानाचे संसर्ग आणि तान्ह्या बाळांचा झोपेतला आकस्मिक मृत्यू यांच्याशी या धुराचा संबंध सिद्ध झाला आहे.

यातला हृदयविकाराचा भाग लोकांना सहसा ठाऊक नसतो. धुराचा परिणाम रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरावर आणि रक्तातील बिंबिकांवर (प्लेटलेट्सवर) फार लवकर होतो. त्यामुळे ‘थोडासा धूर’ आणि ‘थोडासा वेळ’ हे युक्तिवाद हृदयाच्या बाबतीत टिकत नाहीत. आणि हानी लवकर होत असल्यामुळे धूर थांबल्याचा लाभही लवकर दिसू लागतो. स्कॉटलंडमध्ये २६ मार्च २००६ रोजी कायदा लागू झाल्यावर नऊ रुग्णालयांतील नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा तीव्र हृदयविकाराने दाखल होणाऱ्यांची संख्या १७ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. त्याच काळात, जिथे असा कायदा अजून नव्हता त्या इंग्लंडमध्ये ही घट ४ टक्के होती. ज्यांचे रुग्णालयात दाखल होणे टळले त्यांच्यापैकी दोनतृतीयांश धूम्रपान न करणारे होते. कायदा नेमका कोणाला वाचवतो, हे सांगण्यासाठी याहून नेमके उदाहरण शोधावे लागत नाही.

मसुदा कसा वाचावा

विधेयक, नियम किंवा नगरपालिकेचा उपविधी, जे काही पुढे आले असेल त्याची पूर्ण प्रत मिळवावी. बातमीतला सारांश पुरेसा नसतो. प्रत हाती आली की जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण आराखडा कराराशी ती ताडून पाहावी. हा करार २००३ मध्ये संमत झाला, २७ फेब्रुवारी २००५ पासून अमलात आला, आणि जगातील बहुसंख्य देश त्याने बांधलेले आहेत. त्याचे आठवे कलम लोकांना तंबाखूच्या धुरापासून संरक्षण देण्याचे बंधन सरकारांवर घालते. त्या कलमाची मार्गदर्शक तत्त्वे २००७ मध्ये बँकॉकच्या परिषदेत स्वीकारली गेली. तुमचा देश करारात सामील असेल, तर तुम्ही काही नवे मागत नसून दिलेल्या वचनाची पूर्तता मागत आहात, आणि निवेदनात हे सांगितलेच पाहिजे.

पहिली तपासणी व्याख्यांची. ‘बंदिस्त जागा’ म्हणजे काय? मार्गदर्शक तत्त्वांनुसार, वर छत असलेली किंवा एक अथवा अधिक भिंतींनी वेढलेली कोणतीही जागा बंदिस्त समजावी, मग ते छत वा ती भिंत कशाचीही असो आणि बांधकाम कायमचे असो की तात्पुरते. मसुद्यात ‘चारही बाजूंनी भिंती असलेली’ असे लिहिलेले असेल, तर एका बाजूची भिंत काढून तिथे कापड लावले की ती जागा कायद्याबाहेर जाते. इंग्लंडच्या कायद्यात अंशतः बंदिस्त जागेसाठी भिंतींच्या क्षेत्रफळापैकी किमान निम्मा भाग उघडा असावा असा मोजता येणारा निकष आहे. निकष कोणताही असो, तपासणी करणाऱ्या कनिष्ठ अधिकाऱ्याला तो जागेवर उभे राहून पडताळता यावा, एवढे पाहावे.

‘धूम्रपान’ या शब्दाची व्याख्याही अशीच. पेटलेले तंबाखूचे उत्पादन हातात असणे हेच धूम्रपान, मग ती व्यक्ती झुरका घेत असो वा नसो, अशी व्याख्या मार्गदर्शक तत्त्वांत सुचवली आहे. ती नसेल तर ‘मी ओढत नव्हतो, नुसती धरली होती’ हा बचाव प्रत्येक प्रकरणात पुढे येतो. ई-सिगारेट आणि तंबाखू तापवणारी उपकरणे व्याख्येत आली आहेत का, हेही पाहावे. जुन्या कायद्यांत ती नाहीत, कारण तेव्हा ती बाजारात नव्हती.

‘कामाची जागा’ या व्याख्येत विनामोबदला काम करणाऱ्यांची जागा, मार्गिका, जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहे, उपाहारगृहे आणि कामासाठी वापरली जाणारी वाहने यावीत. तुरुंग, मनोरुग्णालय आणि वृद्धाश्रम या जागा तिथे राहणाऱ्यांसाठी घर असल्या तरी तिथे नोकरी करणाऱ्यांसाठी त्या कामाच्या जागा आहेत. मसुदा लिहिणाऱ्यांच्या नजरेतून हे नेमके सुटते, आणि तिथे काम करणाऱ्यांच्या वतीने बोलायला सुनावणीत सहसा कोणी येत नाही. तुम्ही ते बोलावे.

त्यानंतर अपवाद. यांत सर्वाधिक हानी करणारा अपवाद म्हणजे स्वतंत्र धूम्रपान कक्ष. कक्षाचे दार प्रत्येक वेळी उघडताना धूर बाहेर येतो आणि आतल्या रक्षापात्रांतला (ॲश-ट्रेमधला) ढीग उचलायला एखाद्या कामगाराला आत जावेच लागते. भारताच्या २००३ च्या कायद्यात ३० किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहांना आणि ३० किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलांना अशी सोय ठेवण्याची मुभा दिलेली आहे, आणि आरोग्य कार्यकर्ते तिच्या विरोधात अनेक वर्षे लढत आले आहेत. दुसरा अपवाद क्षेत्रफळाचा. स्पेनच्या २००६ च्या कायद्याने १०० चौरस मीटरपेक्षा लहान बार व उपाहारगृहांना धूम्रपान चालू ठेवायचे की नाही हे स्वतः ठरवू दिले. बहुतेकांनी ते चालू ठेवले, आणि छोट्या बंद जागेत धूर अधिक दाटतो हे माहीत असूनही तिथल्या कामगारांना पाच वर्षे थांबावे लागले. २ जानेवारी २०११ पासून तो अपवाद काढून टाकण्यात आला. तिसरा प्रकार ‘खासगी क्लब’चा आहे. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात २००८ चा कायदा लागू होताच अनेक मद्यगृहांनी स्वतःला धूम्रपान क्लब घोषित करून येणाऱ्या प्रत्येकाला सभासद करून घेतले. पुढे सरकारनेही नियम सैल केले. तेव्हा नागरिकांनी सह्या गोळा करून सार्वमताची मागणी केली, ४ जुलै २०१० रोजी झालेल्या मतदानात ६१ टक्के मते कडक कायद्याच्या बाजूने पडली आणि १ ऑगस्टपासून तो लागू झाला. पळवाट आधी ओळखली असती तर ही दुसरी लढाई लढावी लागली नसती, आणि म्हणूनच पहिल्याच मसुद्यात ती शोधणे महत्त्वाचे आहे.

एक तरतूद वरवर निरुपद्रवी दिसते, पण ती सर्वांत घातक असू शकते: राज्याच्या किंवा देशाच्या कायद्याहून कडक नियम स्थानिक संस्थांना करता येणार नाहीत, अशी. अमेरिकेत अनेक राज्यांत तंबाखू उद्योगाने अशी कलमे घुसवण्यासाठी जोर लावला, कारण धूरमुक्तीचे पाऊल तिथे गावांनी आणि शहरांनी प्रथम उचलले होते. कॅलिफोर्नियातील सॅन लुइस ओबिस्पो या शहराने १९९० मध्येच बारसह सर्व सार्वजनिक इमारतींत धूम्रपान बंद केले होते, तर संपूर्ण राज्यातील बार धूरमुक्त व्हायला १९९८ उजाडले. असे कलम दिसले तर बाकी कायदा कितीही चांगला असला तरी त्या कलमाला विरोध नोंदवावा.

शेवटी जबाबदारी आणि दंड. केवळ ओढणाऱ्याला दंड करणारा कायदा लंगडा पडतो. सूचनाफलक लावणे, रक्षापात्रे काढणे, ओढणाऱ्याला थांबण्यास सांगणे, तो न ऐकल्यास सेवा नाकारणे ही कर्तव्ये जागेच्या मालकावर किंवा व्यवस्थापकावर असावीत, आणि त्यांच्यासाठीचा दंड व्यक्तीवरील दंडापेक्षा मोठा असावा. वारंवार उल्लंघन झाल्यास परवाना निलंबित करण्याची तरतूद असली तर दंड भरून मोकळे होण्याचा मार्ग बंद होतो. तपासणीसाठी वेगळी यंत्रणा उभारायची गरज नसते, कारण स्वच्छता, अग्निसुरक्षा आणि कामगार खात्याचे निरीक्षक त्या जागांवर जातच असतात. त्यांना अधिकार दिले आहेत का, एवढे पाहावे.

मागणी कोणाच्या वतीने करावी

धूम्रपान करणाऱ्यांना नावे ठेवून कायद्याला पाठिंबा मिळवता येत नाही, आणि तसे करणे न्याय्यही नाही. त्यांच्यातील अनेकांना ही सवय सोडायची असते, पण निकोटिनचे व्यसन त्यांना सोडत नाही. मागणीचा पाया कामगाराच्या आरोग्यावर ठेवावा. ग्राहक दुसरीकडे जाऊ शकतो, पण ज्याचे पोट त्या नोकरीवर आहे त्याला तसे करता येत नाही.

कॅनडातील हेदर क्रो या स्त्रीचे उदाहरण या संदर्भात जगभर सांगितले जाते. त्यांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही, पण चार दशके त्यांनी धुराने भरलेल्या उपाहारगृहांत वाढपिणीचे काम केले. २००२ मध्ये त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. कामामुळे झालेला आजार म्हणून त्यांचा भरपाईचा दावा मान्य झाला. उरलेल्या आयुष्यात त्या देशभर फिरल्या, लोकप्रतिनिधींना भेटल्या आणि आपण या धुराने मरणारी शेवटची कामगार ठरावे अशी इच्छा सांगत राहिल्या. २००६ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर कॅनडातील अनेक प्रांतांनी कायदे केले होते. त्यांच्या साक्षीपुढे आकडेवारीची गरज उरत नसे. विमानांतील हवाई सेविकांचा लढाही असाच. त्यांच्या सततच्या रेट्यामुळे अमेरिकेत १९८८ मध्ये दोन तासांपर्यंतच्या आणि १९९० मध्ये सहा तासांपर्यंतच्या देशांतर्गत उड्डाणांत धूम्रपान बंद झाले.

म्हणून निवेदनाची तयारी करताना प्रथम कामगारांकडे जावे. वाढपी, सफाई कामगार, सुरक्षा रक्षक, वाहनचालक यांना काय त्रास होतो, ते किती तास धुरात असतात, त्यांनी तक्रार केल्यावर काय झाले, हे विचारावे. नोकरी जाण्याची भीती खरी असते, त्यामुळे त्यांचे नाव त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय कुठेही वापरू नये, आणि संमती असली तरी तोंडी साक्षीऐवजी संघटनेमार्फत लेखी म्हणणे देण्याचा पर्याय त्यांना द्यावा. कामगार संघटना, डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या संघटना, दमा किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णांचे गट आणि पालक एकत्र आले, की ही मूठभर आरोग्यप्रेमींची हौस आहे असे कोणी म्हणू शकत नाही.

आपल्या भागातला पुरावा

जागतिक आकड्यांपेक्षा आपल्या मतदारसंघातील दहा जागांची नोंद लोकप्रतिनिधीला अधिक विचारात पाडते. नोंदीसाठी एक साधा तक्ता पुरतो: जागेचा प्रकार, दिवस आणि वेळ, सूचनाफलक आहे का, रक्षापात्रे दिसतात का, त्या वेळी किती सिगारेटी पेटलेल्या होत्या, किती माणसे हजर होती, त्यांत मुले होती का, कर्मचारी धुरात उभे होते का. माणसांचे चेहरे टिपू नयेत.

हवेतील सूक्ष्म कण, म्हणजे पीएम २.५, मोजणारे उपकरण मिळाले तर नोंद अधिक भक्कम होते. आधी बाहेरच्या हवेची पातळी काही मिनिटे मोजावी, मग आत किमान अर्धा तास थांबावे. उपकरण टेबलाच्या उंचीवर, पेटलेल्या सिगारेटच्या अगदी जवळ नसेल असे ठेवावे. स्वयंपाकाचा धूर किंवा मेणबत्त्या यांमुळेही हे कण वाढतात, म्हणून ते स्रोत जवळ होते का हे प्रामाणिकपणे लिहावे. शक्य असल्यास तशाच, पण धूरमुक्त असलेल्या जागेतही त्याच पद्धतीने मोजणी करावी. दोन जागांमधला फरक एका उंच आकड्यापेक्षा अधिक विश्वासार्ह असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार २४ तासांची सरासरी दर घनमीटरला १५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी. अर्ध्या तासाची मोजणी आणि दिवसाची सरासरी या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढी खबरदारी मात्र निष्कर्ष लिहिताना घ्यावी, अन्यथा विरोधक त्या एका चुकीवर बोट ठेवून सगळी नोंद बाद ठरवतात.

निवेदन आणि सुनावणी

हरकती व सूचनांची मुदत फार थोडी असते, त्यामुळे तारीख कळताच पहिले निवेदन पाठवावे आणि पोच घ्यावी. निवेदन एका पानाचे असावे आणि त्यात एकच ठळक मागणी असावी. ‘कायदा कडक करावा’ असे लिहिल्याने वाचणाऱ्याला काय करायचे ते कळत नाही. नमुन्यादाखल एक परिच्छेद असा लिहिता येईल:

‘प्रस्तावित विधेयकातील व्याख्या व निषेध यांचे मी स्वागत करतो. तथापि, उपाहारगृहांना स्वतंत्र धूम्रपान कक्ष ठेवण्याची मुभा देणारे उपकलम वगळण्यात यावे, अशी माझी विनंती आहे. या कक्षांची साफसफाई करणाऱ्या आणि त्यांच्या दारालगत काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना या विधेयकाचे संरक्षण मिळत नाही. आपल्या प्रभागातील अशा जागांची आम्ही केलेली नोंद सोबत जोडली आहे. समितीच्या बैठकीत आपण या दुरुस्तीला पाठिंबा देणार का, हे कृपया कळवावे.’

शेवटचे वाक्य वगळू नये. उत्तर मागितले की भूमिका घ्यावी लागते. आठवडाभरात उत्तर न आल्यास कार्यालयात फोन करून निवेदन कोणाकडे गेले ते विचारावे. छापील मजकुराखाली शेकडो सह्या जमवण्यापेक्षा, वीस माणसांनी आपापल्या शब्दांत लिहिलेली वीस पत्रे अधिक परिणाम करतात असे माझे ठाम मत आहे. पाठिंबा देणाऱ्या सदस्यालाही पत्र लिहावे, कारण विरोधाचे दडपण प्रथम त्याच्यावर येते.

सुनावणीत बोलायला तीन-चार मिनिटेच मिळतात असे धरून चालावे. आपण कोण, मागणी काय, तिचे एक कारण, एक प्रत्यक्ष उदाहरण आणि पुन्हा मागणी, एवढेच बोलावे. डॉक्टरने आरोग्यावर बोलावे, कामगाराने कामावर आणि ज्याची जागा आधीपासून धूरमुक्त आहे अशा व्यावसायिकाने धंद्यावर. तिघांनी एकच गोष्ट सांगण्यात वेळ दवडू नये. प्रश्नाचे उत्तर माहीत नसल्यास ‘माहिती घेऊन लेखी कळवतो’ असे सांगावे आणि खरोखर कळवावे.

आक्षेपांना उत्तरे

‘धंदा बुडेल’ हा आक्षेप सर्वत्र येतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात या विषयावरील ९७ अभ्यास तपासले गेले. ज्यांची पद्धत भक्कम होती अशा अभ्यासांत उपाहारगृहे व बार यांच्या धंद्यावर विपरीत परिणाम आढळला नाही, आणि नुकसान दाखवणारे अभ्यास तंबाखू उद्योगाच्या किंवा त्याच्या सहकाऱ्यांच्या पैशावर झालेले होते. सुनावणीत कोणी नुकसानीचा अहवाल पुढे केला, तर त्याचा खर्च कोणी केला आणि आकडे करनोंदीतले आहेत की मालकांच्या अंदाजातले, असे दोन प्रश्न शांतपणे विचारावेत.

‘चांगले वायुवीजन बसवू’ हा प्रस्ताव मध्यममार्गासारखा वाटतो आणि म्हणूनच तो धोकादायक आहे. अमेरिकेतील वायुवीजन अभियंत्यांच्या ‘अश्रे’ या संस्थेने २००५ मध्येच स्पष्ट केले की इमारतीत धूम्रपान पूर्ण बंद करण्यावाचून या धुराचा आरोग्यधोका दूर करण्याचा दुसरा परिणामकारक मार्ग नाही. हे यंत्रे बसवणाऱ्या क्षेत्रातल्याच तज्ज्ञांचे मत आहे, हे आवर्जून सांगावे.

‘लोक घरी जास्त ओढतील आणि मुलांना त्रास होईल’ ही काळजी प्रामाणिकही असू शकते, म्हणून तिला उत्तर आदराने द्यावे. आयर्लंड, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स या देशांतील पाहणीत, कायदा आल्यावर धूम्रपान करणाऱ्यांनी स्वतःहून आपली घरे धूरमुक्त करण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर एवढेच सांगावे की कायदा कोणालाही धूम्रपान करण्यापासून रोखत नाही, तो फक्त त्याची जागा ठरवतो.

विरोध कोणाकडून येतो आहे हेही पाहावे लागते. तंबाखू उद्योगासाठी १९७८ मध्ये झालेल्या एका जनमत पाहणीच्या अहवालातच, अप्रत्यक्ष धूम्रपानाचा प्रश्न हा उद्योगाच्या अस्तित्वापुढील आजवरचा सर्वांत मोठा धोका असल्याचे नोंदवले होते. अमेरिकेच्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी २००६ च्या निकालात, कंपन्यांनी या धुराच्या परिणामांबाबतही जनतेची फसवणूक केल्याचे नमूद केले. उपाहारगृहमालकांची किंवा ग्राहकहक्कांची म्हणवणारी एखादी नवी संघटना ऐन सुनावणीच्या तोंडावर उगवली, तर तिचा निधी कुठून येतो हे समितीने विचारावे अशी लेखी मागणी करावी. आधी सांगितलेल्या तंबाखू नियंत्रण कराराचे कलम ५.३ धोरणे आखताना उद्योगाच्या हितसंबंधांपासून त्यांचे रक्षण करण्यास सरकारांना सांगते, त्याचा हवाला द्यावा.

कायदा संमत झाल्यानंतर

कायदा लागू होण्याआधीचे काही महिने फार मोलाचे असतात. आयर्लंडने २९ मार्च २००४ रोजी संपूर्ण देशातील कामाच्या जागा, मद्यगृहांसह, धूरमुक्त केल्या आणि असे करणारा तो पहिला देश ठरला. कायदा पाळला जाणार नाही अशी भाकिते तेव्हा पुष्कळ झाली, पण लोकांना तारीख, कारण आणि नियम आधीपासून नीट माहीत असल्यामुळे पहिल्या दिवसापासून तो मोठ्या प्रमाणावर पाळला गेला. परिणामही लगेच मोजता आला. निकोटिन शरीरात गेल्यावर तयार होणारे कोटिनिन लाळेत तपासले असता, धूम्रपान न करणाऱ्या मद्यगृह कर्मचाऱ्यांमध्ये ते ८० टक्क्यांनी घटले. सीमेपलीकडे, कायदा नसलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये त्याच काळात ही घट २० टक्के होती.

या काळात व्यावसायिकांना फलकांचा नमुना, कर्मचाऱ्यांनी ग्राहकाशी कसे बोलावे याची दोन-चार वाक्ये आणि तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक पोहोचवण्यात मदत करावी. ‘आपण कृपया बाहेर जाऊन ओढावे, इथे ओढू दिल्यास दंड आमच्या मालकांना होतो’ हे वाक्य वाढप्याला वाद न वाढवता बोलता येते. सवय सोडण्यासाठी सल्ला व औषधोपचार कुठे मिळतात ती माहितीही त्याच पत्रकात द्यावी. कायदा लागू होतो तेव्हा अनेकजण सोडण्याचा प्रयत्न करतात, आणि त्या वेळी मिळालेली मदत वाया जात नाही.

उल्लंघन दिसल्यास स्वतः ओढणाऱ्याशी हुज्जत घालू नये. व्यवस्थापकाला सांगावे, त्याने दुर्लक्ष केल्यास दिवस, वेळ आणि जागा लिहून तक्रार करावी. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवावा आणि महिन्याभराने तिचे काय झाले ते विचारावे. वर्षातून एकदा, आधी वापरलेला तक्ता घेऊन त्याच जागांची पुन्हा नोंद करावी आणि ती अंमलबजावणी खात्याला व कायद्याला पाठिंबा दिलेल्या सदस्यांना पाठवावी.

राहता राहिली बहुमजली निवासी इमारत. बहुतेक कायदे घराच्या उंबरठ्यावर थांबतात, पण धूर जिन्यातून, वीजवाहिन्यांच्या फटींतून आणि खिडक्यांतून शेजारच्या घरात शिरतो. अमेरिकेने २०१८ मध्ये सार्वजनिक गृहप्रकल्पांत घरांच्या आतही धूम्रपान बंद केले. जिथे असा कायदा नाही, तिथे रहिवाशांच्या संस्थेत ठराव आणता येतो. प्रथम जिने, लिफ्ट, वाहनतळ आणि गच्ची या सामायिक जागांचा ठराव मांडावा, कारण त्यावर सहमती लवकर होते. ठरावाच्या सूचनापत्रात धूर कोणत्या भागातून कोणत्या भागात जातो हे आराखड्यासह दाखवावे, धूम्रपान करणाऱ्या रहिवाशांना बैठकीआधी भेटून त्यांचे म्हणणे ऐकावे आणि इमारतीपासून पुरेशा अंतरावर, वाऱ्याची दिशा पाहून, त्यांच्यासाठी एखादी उघडी जागा ठरवावी. ठराव संमत झाल्यावर तो इतिवृत्तात जसाच्या तसा नोंदवला गेला आहे याची खात्री करावी आणि नव्याने राहायला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला त्याची प्रत द्यावी.